स्वीकार म्हणजे 'चालायचंच' नव्हे



सध्या पोस्टिंग भिलाईला आहे आणि मुक्काम सेक्टर 2 मध्ये. फौजी माणसाला ही वसाहत परकी वाटत नाही. एकसारखी क्वार्टर्स, नंबरावरून पत्ता आणि शिफ्टवर चालणारा दिवस. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून या गावाची रात्रही कामाचीच आहे.

इथल्या निवृत्त कामगारांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं, 'जो है सो है.' आपण मराठीत 'चालायचंच' म्हणतो. आजकाल मोबाइलवर स्टोइक तत्त्वज्ञानाचे सुविचार फिरतात, त्यांचाही अर्थ बरेच जण असाच लावतात: जे आहे ते मान्य करा आणि गप्प बसा. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अथेन्समधल्या एका चित्रांनी सजवलेल्या ओसरीत झेनो शिकवायचा. ग्रीक भाषेत अशा ओसरीला 'स्टोआ' म्हणतात, त्यावरून 'स्टोइक'. त्या ओसरीत मॅरेथॉनच्या लढाईचं चित्र होतं. म्हणजे या विचाराच्या पहिल्या वर्गातच लढाई समोर होती.

पुढे रोममध्ये एपिक्टेटस झाला. जन्माने गुलाम, पायाने अधू. गुलामीतून सुटला, पण सम्राट डोमिशियनने तत्त्ववेत्त्यांना हाकलून दिल्यावर ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. लिहून घेतलं ते एरियन नावाच्या शिष्याने. हा एरियन पुढे रोमन साम्राज्यात कॅपाडोशिया प्रांताचा सुभेदार झाला आणि सन 135 मध्ये अलान टोळ्यांविरुद्ध फौज घेऊन उभा राहिला. सिकंदर आणि पोरस यांच्या झेलमकाठच्या लढाईची माहिती आपल्याला मिळते, तीही बरीचशी याच्याच ग्रंथातून.

एपिक्टेटसची शिकवण दोन ढिगांची आहे. एका ढिगात माझ्या हातातलं: माझं मत, माझा निश्चय, माझे प्रयत्न. दुसऱ्या ढिगात हातात नसलेलं: शरीर, मालमत्ता, नावलौकिक, पद. फौजी भाषेत सांगायचं तर बदलीचा हुकूम दुसऱ्या ढिगातला आणि तिथे जाऊन ड्युटी कशी करायची ते पहिल्या. दुसरा ढीग स्वीकारायचा तो पहिल्यासाठी ताकद उरावी म्हणून. 'चालायचंच' म्हणणारा दोन्ही ढीग एकत्र करून टाकतो.

आपल्याकडेही असं एक उदाहरण आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. त्यातून 'गीताप्रवचने' झाली. गीता आणि स्टोइक विचार एक नव्हेत. गीतेत कर्मफळ ईश्वराला अर्पण करायचं असतं, तर स्टोइक सृष्टीच्या नियमावर भरवसा ठेवतात. पण ऐकणाऱ्या कैद्यांकडे पाहा. तुरुंगाच्या भिंती त्यांनी स्वीकारल्या होत्या, परकी सत्ता नाही.

अमेरिकन नौदलाचा वैमानिक जेम्स स्टॉकडेल याची गोष्टही याच वळणाची. 9 सप्टेंबर 1965 रोजी उत्तर व्हिएतनामवर त्याचं विमान पाडलं गेलं. एपिक्टेटस त्याने आधीच वाचलेला होता. पुढची सात वर्षं हनोईच्या तुरुंगात गेली, पाय मोडला तो कायमचा अधू झाला. ख्रिसमसपर्यंत सुटू अशी आशा धरणारे खचत गेले, असं त्याने नंतर सांगितलं. त्याने कैद मान्य केली, पण शत्रूच्या प्रचाराला वापरून घेणं मान्य केलं नाही. त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करणार हे कळल्यावर त्याने स्वतःचाच चेहरा जखमी करून घेतला.

हाच धागा आजच्या मानसोपचारातही आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि एपिक्टेटसचं ऋण उघडपणे मानलं. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मराठीत आणली. तिचं सूत्र फौजीला चटकन कळेल. 'बढती मिळाली असती तर बरं झालं असतं' या वाक्यात दुःख आहे. 'बढती मिळायलाच हवी होती' या वाक्यात मात्र माणूस वर्षानुवर्षं जळत राहतो. यादीत नाव न आलेले किती तरी जण आपण पाहिले आहेत. पेन्शनीत गेल्यावरही त्यांची ती यादी मिटत नाही.

आता पुन्हा भिलाई. 9 ऑक्टोबर 2018 रोजी इथल्या कारखान्यात कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनवर देखभालीचं काम चालू असताना आग लागली. कामगार गेले, अग्निशमन दलाची माणसंही गेली. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला ते मरण कधीतरी स्वीकारावंच लागतं, दुसरा इलाज नाही. पण पुढच्या शिफ्टला गॅस तपासणं, व्हॉल्व्ह बंद आहे की नाही ते पाहणं, हे पहिल्या ढिगातलं काम आहे. तिथे 'चालायचंच' म्हणणं हा गुन्हा आहे. फायरिंग रेंजवर आपण हेच शिकलो.

माझ्या निवृत्त बांधवांना एवढंच सांगायचं आहे. वय, गुडघे, सुटलेली रँक आणि गेलेले साथीदार स्वीकारा. अडकलेली पेन्शनची फाइल मात्र सोडू नका. दिवसा अर्ज करा, पुन्हा करा, पाठपुरावा करा आणि रात्री शांत झोपा. निकाल आपल्या हातात नाही, अर्ज आहे.

जय हिंद.