कृमिनाशक जंतूचें विष : नांव, अग्रमान व प्रमाण

ज्याचें नांव वस्तूस चिकटलें तोच तिचा पहिला शोधक, असें गृहीत धरण्याची प्रवृत्ति ताम्रपट व नाणीं यांच्या अभ्यासांत आम्ही वारंवार पाहतों. निसर्गशास्त्राचा इतिहासहि तींतून सुटलेला नाहीं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जंतूचा वृत्तांत त्याचें उत्तम उदाहरण असल्यामुळें तो येथें संक्षेपानें देतों.

हें नांव जर्मनींतील थुरिंगिया प्रांतावरून पडलें. तेथून आलेल्या, पिठांत होणाऱ्या पतंगाच्या रोगट अळ्यांत अर्न्स्ट बर्लिनर यांस हा जंतु सांपडला. त्यांनीं १९११ सालीं त्याचें वर्णन व १९१५ सालीं नामकरण केलें. परंतु जपानांत इशिवाता यांनीं १९०१ सालींच रेशमाच्या किड्यांतून तो वेगळा काढिला होता. किडे एकाएकीं निपचित पडत, म्हणून तेथें या रोगास ‘सोत्तो’, म्हणजे अकस्मात् कोसळणें, असें म्हणत. तेव्हां नांव थुरिंगियाचें असलें तरी अग्रमान जपानाचा, हें उघड आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न मृत्यूच्या कारणाचा. जंतूंची वाढ होण्यापूर्वींच किडा मरतो हें ध्यानांत येऊन इशिवाता यांनीं विषाचें अनुमान केलें. आओकी व चिगासाकी यांनीं १९१५-१६ च्या सुमारास दाखविलें कीं, जंतूंची कोवळी पैदास निरुपद्रवी असते, बीजाणु धरलेली जुनी मात्र घातक. बर्लिनर यांनीं बीजाणूशेजारीं एक कणहि पाहून नोंदिला होता. पण त्याचें प्रयोजन उमगलें नाहीं. १९३८ सालीं फ्रान्सांत या जंतूपासून ‘स्पोरेईन’ नांवाचें कीटकनाशक निघालें, तरी कणाचें कोडें सुटलें नव्हतें. १९५३ सालीं हॅनी यांनीं तो कण स्फटिकरूप असल्याचें सांगून त्याचा विषाशीं संबंध सुचविला, व १९५४ सालीं कॅनडांतील अँगस यांनीं विष त्या स्फटिकाच्या प्रथिनांतच आहे हें प्रयोगानें सिद्ध केलें.

आतां या विषाची रीति अशी कळली आहे : अळीच्या आंतड्यांतील तीव्र क्षारांत स्फटिक विरघळतो, तेथील पाचक रस प्रथिनाचे तुकडे करून विष मोकळें करितात, तें आंतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांस चिकटून पेशींना छिद्रें पाडतें. अळी खाणें सोडते, आंतडें फुटतें, आणि मग त्या वाटेनें जंतु शरीरांत शिरून वाढतात. म्हणजे विष हें येथें आक्रमणाचा परिणाम नसून त्याची वाट मोकळी करणारें साधन होय. इशिवाता यांचें निरीक्षण अशा रीतीनें सार्थ ठरलें.

भारतांत २००२ सालीं मान्यता मिळालेल्या, व पुढें विदर्भ-मराठवाड्यांत सर्वत्र पसरलेल्या बीटी कापसांत याच जातीच्या जंतूचें विषजनुक आहे. ‘बीटी’ हीं जंतूच्या नांवाचीं आद्याक्षरें. त्यांत इशिवाता यांची खूण नाहीं.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं यांतून एवढें घ्यावें : अर्थ न लागलेली खूणहि जशीच्या तशी उतरून ठेवावी. बर्लिनर यांनीं तो कण क्षुल्लक म्हणून गाळिला नाहीं, म्हणूनच सुमारें चाळीस वर्षांनीं त्याचा अर्थ लागल्यावर जुनी नोंद पुराव्यास उपयोगीं पडली.