जुने यंत्र, जुनी वस्ती : लोअर परळमधील एका गेमिंग लॅपटॉपची सात वर्षे

वस्तूंचा इतिहास लिहिण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. संस्थांचे, चळवळींचे, नियतकालिकांचे इतिहास लिहिले जातात. घरात वर्षानुवर्षे वापरलेल्या यंत्राची गणना मात्र इतिहासाच्या साधनांत होत नाही. ते चालते तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते, आणि बंद पडले की ते भंगारवाल्याकडे जाते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका यंत्राचा इतिहास मांडणार आहोत. हे यंत्र म्हणजे आमच्या घरातला गेमिंग लॅपटॉप. मराठीच्या दोन अध्यापकांनी असा विषय निवडावा ह्याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु हे यंत्र लोअर परळमध्ये वापरले गेले आहे, आणि एखादे यंत्र जुने झाले हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न ह्या वस्तीला नवा नाही.

१

जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला आणि शहरातल्या जुन्या पुलांची तपासणी सुरू झाली. त्याच महिन्यात लोअर परळ स्थानकालगतचा डिलाईल पूल धोकादायक ठरवून वाहतुकीला बंद करण्यात आला. पुढच्या महिन्यात आम्ही हा लॅपटॉप विकत घेतला. मुलगा दहावी झाला होता आणि त्याला दिलेला शब्द पाळायचा होता. दुकानदाराने दोन यंत्रे पुढे ठेवली. एकात इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर होता, दुसऱ्यात सातव्या. सातव्या पिढीचे यंत्र काही हजारांनी स्वस्त होते. आम्ही ते घेतले. ह्या काटकसरीचा हिशेब सात वर्षांनी पुढे आला. तो यथावकाश सांगू.

गेमिंग लॅपटॉप हा साध्या लॅपटॉपहून वेगळा प्राणी आहे. चित्रे रंगवण्याचे काम करणारी स्वतंत्र चिप, दोन पंखे, अडीच किलो वजन, विटेएवढा चार्जर, आणि दोन तासांत संपणारी बॅटरी. मांडीवरचा संगणक म्हणावे, तर तापल्यावर तो मांडीवर ठेवता येत नाही. ह्या प्रकाराला बाजारात स्थैर्य आले ते २००६च्या सुमारास. त्या वर्षी डेलने एलियनवेअर ही कंपनी विकत घेतली आणि असूसने ‘रिपब्लिक ऑफ गेमर्स’ ही मालिका सुरू केली. त्याच वर्षी मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गिरण्यांच्या जमिनींविषयीचा २००१चा नियमबदल वैध ठरवला. गिरणगावाची मोकळी जमीन उद्याने आणि सामान्यांची घरे ह्यांसाठी मोठ्या प्रमाणात मिळण्याची आशा त्या निकालाने मावळली. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु लोअर परळमध्ये त्या एकाच घरात येऊन भेटल्या, एवढे खरे.

खेळाचेही तसेच. १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात १९९०च्या दशकाच्या अखेरीस बोलिंगचे दालन उघडले, आणि पाहता पाहता ते आवार करमणुकीचे व खरेदीचे केंद्र झाले. येथे स्मरण करावेसे वाटते ते नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे. त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. ह्या वस्तीत मोकळा वेळ आपोआप आलेला नाही, तो मागून आणि झगडून घ्यावा लागला आहे. मुलगा खेळत बसला की आम्ही अध्यापकी स्वभावानुसार त्रासत असू. तेव्हा हे भान आम्हांला नव्हते.

२

‘साचा’ हा शब्द मराठी वाचकाला ‘साच्यातून काढलेले लेखन’ अशा तुच्छतादर्शक प्रयोगातून ठाऊक असतो. गिरणगावात साचा म्हणजे माग. तो चालवणारा साचेवाला, आणि विणकामाचा विभाग ते साचेखाते. आमच्यापैकी एकाचे वडील, म्हणजे घरातले आबा, साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आबा त्यांपैकी एक. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, आणि आबाही पुन्हा साचेखात्यात गेले नाहीत.

मुंबईतली पहिली सूतगिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली. गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशी ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रज कारखान्यांची यंत्रे इकडे येत राहिली. एका माणसाने किती साचे सांभाळायचे हा तेव्हापासूनचा वाद. १९२८च्या सहा महिन्यांच्या संपामागे जी कारणे होती, त्यांत दोनऐवजी तीन साचे एका विणकराच्या गळ्यात घालण्याची मालकांची योजना हे एक ठळक कारण होते. त्याच वर्षी गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली.

हे सारे लॅपटॉपच्या इतिहासात कशाला, असे कोणी विचारील. फ्रान्समध्ये १८०४ साली जाकार ह्याने छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग तयार केला आणि त्या पुठ्ठ्यांवरून गणनयंत्रांच्या कल्पनेला वाट मिळाली, ही हकिकत पुष्कळांना ठाऊक आहे. तितकी ठाऊक नसलेली गोष्ट आमच्या यंत्राच्या पोटातच आहे. त्यातील एनव्हिडियाच्या चिपमध्ये ६४० लहान गणनकेंद्रे आहेत. ती एकेकटी काम करीत नाहीत. बत्तीस-बत्तीस ‘थ्रेड’ म्हणजे धागे एका गटात बांधून एकाच हुकुमाने चालवले जातात, आणि अशा गटाला अभियंते ‘वॉर्प’ म्हणतात. वॉर्प म्हणजे विणकामातला ताणा, मागावरचे उभे धागे. हा शब्द विणकामातूनच घेतला आहे, असे ती कंपनीच आपल्या कागदपत्रांत नमूद करते. मुलाच्या खेळातला डोंगर, पाणी, धूर हे सारे अशा ताण्यांवर विणले जात होते. आबांना हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “धागा तुटला तर कोण जोडतं?” त्याचे उत्तर आम्हांला देता आले नाही.

मामा वरेरकरांनी आपल्या कादंबरीला ‘धावता धोटा’ असे नाव दिले. नारायण सुर्वे ह्यांची कविता, जयंत पवार ह्यांचे ‘अधांतर’ हे नाटक ह्याच परिसरातले. ह्या साहित्यात भोंगा आहे, चाळ आहे, संप आणि उपासमार आहे. आमच्या वाचनापुरते सांगायचे, तर यंत्राशी रोज दहा तास वागणाऱ्या माणसाला त्या यंत्राविषयी जे कळते, त्याला मात्र तेथे फारशी जागा मिळालेली नाही. आबा ‘माझे साचे’ म्हणत. मालकी गिरणीची होती. पण कोणता साचा कोणत्या हवेत धागा तोडतो हे त्यांना ठाऊक होते. आमच्याजवळ लॅपटॉपची पावती होती. त्यापलीकडे आम्हांला त्याच्याविषयी काही ठाऊक नव्हते.

३

पहिला धडा २०१९च्या उन्हाळ्यात मिळाला. यंत्र घरघरू लागले, तापून मध्येच बंद पडू लागले. सेवा केंद्रातल्या तरुणाने मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगून किमतीच्या निम्म्याच्या आसपासचा आकडा दिला. घरी आल्यावर आबांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला. साचेखात्यातल्या आवाजाने त्यांचा एक कान गेलेला आहे. ते यंत्र हाताने ऐकतात. थोड्या वेळाने म्हणाले, “बेरिंग सुकलंय. आणि आत कचरा आहे.” दुसऱ्या दिवशी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. तेथल्या कारागिराने मागची पट्टी उघडली. पंख्याच्या तोंडाशी राखाडी रंगाचा जाड थर साचला होता. त्यात बांधकामाची धूळ होती, आणि कपड्यांचे, गाद्यांचे बारीक कापसाचे तंतू. त्याने तो थर चिमट्याने सबंध उचलला, एक पंखा बदलला, चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. मदरबोर्डला काही झालेले नव्हते. खर्च दीड हजाराच्या आत.

मुंबईत कापडधंदा वाढण्याच्या कारणांत येथल्या दमट हवेचाही उल्लेख केला जातो, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. धाग्याला मानवणारी हीच हवा ह्या यंत्राच्या मुळावर येते. ओलाव्याने धूळ घट्ट बसते आणि तांब्याच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा लेप चढतो. त्यात गिरण्यांच्या जागी उठणाऱ्या मनोऱ्यांची धूळ. म्हणून दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पंखे साफ करावयाचे, हा नेम आम्ही तेव्हापासून पाळतो. पट्टीला अकरा स्क्रू आहेत आणि त्यांतले दोन लांब आहेत, हे आता आम्हांला न पाहता सांगता येते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि एकच यंत्र तीन पाळ्यांत चालू लागले. सकाळी आमच्यापैकी एकाची तासिका, दुपारी दुसऱ्याची, आणि रात्री मुलाचे खेळ. आबा त्याला रातपाळी म्हणत. एरवी ज्या खेळासाठी आम्ही त्याला बोलत होतो, त्या खेळातूनच त्याचे मित्र त्या दिवसांत त्याला भेटत होते. हे आम्हांला उशिरा कळले. यंत्रालाही पाळ्यांचा ताण पडला. २०२१ मध्ये बॅटरी फुगून टचपॅड वर उचलले गेले. तशी बॅटरी वापरणे धोक्याचे असते, ती तातडीने बदलली. पुढच्या वर्षी बिजागरी तुटली, आणि मंदावलेली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. एव्हाना मूळचे म्हणावे असे मदरबोर्ड, पडदा आणि कळफलक एवढेच उरले होते. ठिगळांवर ठिगळे पडली तरी गोधडी आजीचीच राहते. आमच्या यंत्राचेही तसेच झाले.

कळफलक आम्ही मुद्दाम बदलला नाही. खेळणाऱ्यांची बोटे डब्ल्यू, ए, एस, डी ह्या चार कळांवर असतात. त्यांवरची अक्षरे पार झिजली आहेत. इन्स्क्रिप्ट पद्धतीच्या मराठी टंकलेखनात ह्याच कळांवर अनुक्रमे ै, ो, े ह्या मात्रा आणि हलन्त येतो. हलन्ताशिवाय मराठीत जोडाक्षर होत नाही. म्हणजे रात्री मुलगा ज्या कळांनी पळत होता, त्यांच कळांनी दिवसा आम्ही प्रश्नपत्रिका लिहीत होतो. कोणामुळे किती झीज झाली, हे आता वेगळे काढता येणार नाही.

४

नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलाईल पूल पूर्णपणे खुला झाला. त्याच सुमारास मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि लॅपटॉप आमच्याकडे राहिला. नवे खेळ त्यावर चालेनासे झाले होते. आमची कामे मात्र निर्वेध चालत होती. मग विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षेसाठी वर्षभराची वाढीव मुदत देऊ केली गेली, परंतु विंडोज ११ घेणे हा मुख्य मार्ग होता. काही अपवाद सोडले तर ही प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. सातव्या पिढीत वाचवलेल्या काही हजारांचा हिशेब तो हाच. यंत्रात बिघाड काहीच नव्हता, तरी ते जुने ठरले.

लोअर परळला ही भाषा परिचयाची आहे. १९८५च्या केंद्रीय कायद्याने ‘आजारी’ उद्योगाची व्याख्या केली, आणि गिरण्यांविषयी बोलताना हा शब्द सरसकट वापरला जाऊ लागला. काही गिरण्यांची यंत्रे खरोखरच कालबाह्य झाली होती, कारण दशकानुदशके त्यांत पैसा घातला गेला नव्हता. ज्याच्या आजाराकडे दुर्लक्ष झाले त्यालाच पुढे आजारी म्हणून निकालात काढले गेले. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने येथली मुंबई टेक्स्टाईल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली. किंमत जमिनीला आली. बंद गिरण्यांतले साचे भंगाराच्या भावाने गेले.

ही तुलना आम्ही फार ताणू इच्छित नाही. लॅपटॉप बंद पडला तर आमची चूल विझणार नाही. साचे थांबले तेव्हा हजारो घरांतली विझली होती. शिवाय जुन्या यंत्राविषयीच्या मायेपोटी सुरक्षेचा प्रश्न नाकारणेही शहाणपणाचे नव्हे. साम्य आहे ते एवढ्यापुरतेच: यंत्राचे आयुष्य संपले हे ठरवताना, जो त्याच्यापाशी रोज बसतो त्याला विचारले जात नाही. आणि त्याला विचारायचे असेल, तर त्याला सांगण्याजोगे काही ठाऊक असावे लागते. आबांना ते होते, पण हक्क नव्हता. आम्हांला हक्क होता. ठाऊक व्हायला सात वर्षे लागली.

२ ऑक्टोबर २०२५ रोजी दसरा होता. गिरणीत खंडेनवमी-दसऱ्याला साच्यांची पूजा होत असे. त्या सवयीने आबा दर वर्षी लॅपटॉपला कुंकू लावतात आणि झेंडूचे फूल वाहतात. त्यानंतर बारा दिवसांनी आधार संपला. मुलाने दूरध्वनीवरून एकेक पायरी सांगितली आणि आम्ही त्यावर लिनक्स मिंट बसवले. मराठी कळफलक पहिल्याच प्रयत्नात लागला. शेजारच्या चाळीतली आमची एक विद्यार्थिनी रोज संध्याकाळी येऊन आपला एम.ए.चा प्रबंध त्यावर टंकते. तिला आम्ही अकरा स्क्रूंची जागा दाखवून ठेवली आहे. पुढच्या पावसाळ्याआधीची सफाई तिने करावयाची, असे ठरले आहे.