शत्रूच्या अंगणात खेळलेली मुले

राष्ट्रांमधील युद्धे व तह यांच्या सनावळ्या आपण शाळेत पाठ करतो. तहावर सह्या झाल्यानंतर कालचे वैरी एकमेकांशी बोलू कसे लागले, हे मात्र पाठ्यपुस्तके क्वचितच सांगतात. या दृष्टीने फ्रान्स आणि जर्मनी या शेजाऱ्यांची कथा ध्यानात घेण्याजोगी आहे.

१८७०, १९१४ व १९३९ अशी सत्तर वर्षांत तीन वेळा ही राष्ट्रे परस्परांशी लढली. दोन्हीकडचे बहुसंख्य लोक ख्रिस्ती, एकाच प्रभूची प्रार्थना म्हणणारे. तरीही फ्रान्सच्या राजांना जेथे राज्याभिषेक होत असे, ते रँसचे महामंदिर १९१४ साली जर्मन तोफांच्या माऱ्यात होरपळले. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा 'जर्मनांच्या घरी मूल पाठवा' असे फ्रेंच आईला सांगण्याचे धाडस कोण करणार होते?

ते धाडस प्रथम केले, ते छळ सोसलेल्यांनी. नाझी छळछावणीतून जिवंत परतलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर झाँ द्यु रिव्हो यांनी १९४५ सालीच जर्मनीतील ऑफेनबुर्ग येथे दोन्ही राष्ट्रांची परस्परांशी ओळख करून देणारे केंद्र उघडले. बुखेनवाल्डच्या छावणीतून सुटलेले ल्युसिएँ तारादँ हे पुढे माँबेल्यारचे नगराध्यक्ष झाले. १९५० साली त्यांच्या नगराने जर्मनीतील लुडविग्जबुर्गशी स्नेहसंबंध जोडले. फ्रेंच व जर्मन नगरांमधील असे हे पहिलेच नाते होय.

राज्यकर्ते या वाटेवर मागाहून आले. ८ जुलै १९६२ रोजी जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर व फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गोल त्याच रँसच्या महामंदिरात मिस्सासाठी शेजारी शेजारी उभे राहिले. सप्टेंबरात द गोल यांनी लुडविग्जबुर्ग येथे जर्मन तरुणांपुढे भाषण केले, तेही जर्मन भाषेत. पहिल्या महायुद्धात ते स्वतः जर्मनांचे कैदी होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भाषणाचे मोल कळते. २२ जानेवारी १९६३ रोजी एलिझे करार झाला आणि त्याच वर्षी ५ जुलैला फ्रान्स-जर्मन युवक कार्यालय स्थापन झाले. त्याचा आर्थिक भार दोन्ही सरकारांनी सारखाच उचलावा, असे ठरले.

पुढील काम मुलांचे होते. शाळेने प्रत्येक विद्यार्थ्याला सीमेपलीकडचा जोडीदार निवडून द्यायचा. एकाने दुसऱ्याच्या घरी राहायचे, त्याच्या वर्गात बसायचे, त्याच्या आईच्या हातचे जेवायचे. मग दुसऱ्याने परतभेटीला यायचे. काही शिबिरांत दिवसाचा एक भाग भाषेचा आणि एक भाग खेळाचा असतो. फ्रेंच मूल जर्मन मुलाला आपले शब्द शिकवते आणि त्याचे शब्द स्वतः शिकते. गुरू-शिष्य घटकेघटकेला बदलतात. मैदानावर संघ मिश्र केले जातात. गोलरक्षकाला हाक मारायची तर त्याच्या भाषेतला एखादा शब्द यावाच लागतो! व्याकरणाच्या भीतीने वर्गात मिटलेले तोंड चेंडूमागे धावताना आपसूक उघडते.

पण नुसता खेळ मने जुळवतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. रँसच्या मिस्सानंतर बरोबर वीस वर्षांनी, ८ जुलै १९८२ रोजी, सेव्हिल येथे विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात फ्रान्स व पश्चिम जर्मनी समोरासमोर आले. जर्मन गोलरक्षक शूमाखर याच्या धडकेने फ्रेंच खेळाडू बातिस्ताँ बेशुद्ध पडला. पंचांनी साधी चूकही दिली नाही. ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर जर्मनी जिंकली आणि फ्रान्समध्ये युद्धकाळातील जुने अपशब्द पुन्हा ऐकू येऊ लागले. चॅन्सेलर श्मिट व राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना संयुक्त निवेदन काढून लोकांना शांत करावे लागले. पुढे शूमाखरने क्षमा मागितली आणि बातिस्ताँने ती केली.

सेव्हिलला चेंडू होता, मैदान होते, नियमही होते. परंतु प्रेक्षकांपैकी किती जणांनी कधी त्या 'शत्रू'च्या घरचे मीठ खाल्ले होते? खेळ माणसांना समोरासमोर आणतो. भाषा त्यांना शेजारी बसवते. शाळांच्या या भेटींनी दोहोंची सांगड घातली, हे त्यांचे खरे श्रेय होय. १९६३ पासून नव्वद लाखांहून अधिक तरुण या युवक कार्यालयाच्या उपक्रमांत सहभागी झाले आहेत. २००० साली सुरू झालेल्या व्होल्तेर योजनेत तर विद्यार्थी सहा-सहा महिने एकमेकांच्या घरी राहतात.

हे काम एकदा करून संपणारे नाही. इंग्रजीच्या ओढीने शेजाऱ्याची भाषा मागे पडण्याची चिंता तेथेही आहे. म्हणूनच २२ जानेवारी २०१९ रोजी आखेन येथे झालेल्या नव्या करारातही एकमेकांची भाषा शिकण्यावर भर देण्यात आला.

शत्रूवर प्रेम करा, ही प्रभूची आज्ञा आपण पुष्कळदा ऐकतो आणि ती संतमहात्म्यांसाठी आहे असे मानून घरी जातो. या दोन देशांतील साध्यासुध्या आईबापांनी ती फार मोठ्या शब्दांत घेतली नाही. त्यांनी शेजाऱ्याच्या मुलासाठी एक खाट अधिक घातली, आणि आपले मूल त्याच्या दारी पाठवले. शांतीच्या इतिहासात त्या खाटेचीही नोंद व्हावी, असे आम्हांस वाटते.