पाय कोणता हलला?

बास्केटबॉलचा सामना पाहायला गेलात तर एक आरोळी हमखास कानावर पडते. ‘स्टेप्स! स्टेप्स!’ मुंबईतल्या नागपाड्यासारखी बास्केटबॉलवेडी वस्ती असो की तालुक्याच्या शाळेतले सिमेंटचे कोर्ट असो, ही आरोळी सगळीकडे सारखीच. नियमाच्या भाषेत या चुकीला ट्रॅव्हलिंग म्हणतात. म्हणजे चेंडू हातात धरून नियमापेक्षा जास्त पाऊल हलवणे. पंच शिट्टी वाजवतो, दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतो आणि चेंडू प्रतिपक्षाला देतो. शिक्षा एवढीच. पण या एका नियमावरून जेवढे वाद होतात, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील.

बरीच वर्षे मी हौसेने पंचगिरी केली. एकदा मुलींच्या आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना होता. शेवटचे मिनिट चालू होते. एका मुलीने हवेत चेंडू झेलला, दोन्ही पायांवर एकदम उतरली, एक पाय पुढे टाकला आणि उडी मारून चेंडू बास्केटमध्ये टाकला. प्रेक्षक ओरडले आणि मी शिट्टी वाजवली. बास्केट रद्द झाली. मुलगी जवळ आली आणि शांतपणे म्हणाली, ‘सर, माझा कोणता पाय हलला?’ मला उत्तर देता आले नाही. कारण तिची काहीच चूक नव्हती. तो प्रश्न माझ्या मनातून आजही गेलेला नाही. त्याचे उत्तर शोधायला थेट १८९१ सालात जावे लागते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. तेथे वाय.एम.सी.ए.ची शारीरिक शिक्षण देणारी शाळा होती. जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे तरुण शिक्षक तेथे शिकवत. हिवाळ्यात बाहेर बर्फ, आत त्याच त्या कवायती. विद्यार्थी वैतागले होते. प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथना सांगितले की, दोन आठवड्यांत घरात खेळता येईल असा खेळ शोधून काढा. रग्बी किंवा अमेरिकन फुटबॉल लाकडी फरशीवर खेळला तर हातपाय मोडणार, हे उघड होते.

नेस्मिथ यांनी मग एक साधा प्रश्न स्वतःला विचारला. या खेळांत माणसे एकमेकांच्या अंगावर का तुटून पडतात? कारण चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचे असते. मग चेंडू घेऊन पळूच दिले नाही तर? पळणे बंद झाले की पाडण्याचे कारणच उरत नाही. कबड्डीचा जीव जसा दमात, तसा बास्केटबॉलचा जीव या एका मनाईत आहे. उंचावर टांगलेल्या पीच फळाच्या करंड्या नंतर आल्या. आधी आला तो न पळण्याचा विचार.

डिसेंबर १८९१ मध्ये पहिला सामना झाला. एकेका बाजूला नऊ खेळाडू होते आणि अख्ख्या सामन्यात एकच गोल झाला. नियम होते तेरा. त्यांतला तिसरा आपल्या विषयाचा. चेंडू घेऊन पळता येणार नाही, जेथे झेलला तेथूनच तो फेकला पाहिजे, असे तो सांगतो. पण त्याच नियमात एक सवलतही आहे. वेगात धावताना चेंडू झेलला आणि खेळाडू थांबण्याचा प्रामाणिक प्रयत्न करत असेल, तर त्याला सांभाळून घ्यावे. धावते शरीर एका क्षणात थांबत नाही, हे नेस्मिथना माहीत होते. म्हणजे मनाई आणि माफी, दोन्ही एकाच दिवशी जन्माला आल्या. पुढची सव्वाशे वर्षे भांडण चालले ते माफी किती पावलांची, एवढ्यावरच.

त्या काळी चेंडू घेऊन पळणे हा फाउलच होता. लागोपाठ तीन फाउल झाले की प्रतिपक्षाला एक गोल मिळे. एक पंच चेंडूकडे पाही, दुसरा माणसांकडे. फाउल टिपण्याचे काम दुसऱ्याचे. म्हणजे पळणे पकडायचे होते ते चेंडूकडे पाहणाऱ्याने नव्हे, तर माणसांकडे पाहणाऱ्याने.

खेळाडूंनी मात्र लवकरच पळवाट काढली. चोहोबाजूंनी घेरला गेलेला खेळाडू चेंडू खाली टाकी आणि पुन्हा स्वतःच उचली. त्यातून ड्रिबल जन्माला आले. चेंडू आपटत जाण्याची ही कला नेस्मिथ यांनाही आवडली. पण सगळ्यांना नाही. १९२७ मध्ये अमेरिकेच्या नियम समितीने ड्रिबल एकाच टप्प्यावर आणण्याचे ठरवले. फॉग ॲलन हे नेस्मिथ यांचेच शिष्य. त्यांच्या पुढाकाराने प्रशिक्षकांनी एकजूट करून विरोध केला आणि तो निर्णय मागे घेतला गेला. ड्रिबल नसते तर खेळाचे काय झाले असते, याची झलक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दिसली. अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला हरवले ते अवघ्या १९-८ गुणांनी.

आपल्याकडे हा खेळ वाय.एम.सी.ए.च्याच वाटेने रुजला. स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तेथून तयार झालेल्या शिक्षकांबरोबर हे नियमही गावोगावी गेले.

माफीचे माप मात्र बदलत राहिले. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगने २००९ मध्ये दोन पावलांची मुभा नियमात स्पष्ट लिहिली. आंतरराष्ट्रीय संघटना फिबाने २०१७ पासून आणखी एक गोष्ट मान्य केली. धावता खेळाडू चेंडूवर ताबा मिळवतो, त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजायचा नाही. त्यानंतरची दोन पावले मोजायची. प्रेक्षकाला ती तीन वाटतात आणि आरोळी उठते. पण पंचाने मोजायला सुरुवात करायची ती ताबा मिळाल्यापासून.

थांबलेल्या खेळाडूचा हिशेब वेगळा. त्याचा एक पाय जमिनीला खिळलेला मानतात, त्याला पिव्हट म्हणतात. दुसरा पाय कितीही फिरवावा. दोन्ही पायांवर एकदम उतरलेल्या खेळाडूला कोणताही पाय पिव्हट करता येतो. ड्रिबल सुरू करायचे तर पिव्हट उचलण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे. पास द्यायचा किंवा बास्केट करायची तर पिव्हट उचलता येतो, फक्त तो परत टेकण्याआधी चेंडू सुटला पाहिजे. त्या मुलीने नेमके हेच केले होते. मी पाहत होतो चेंडूकडे आणि ऐकत होतो प्रेक्षकांचे.

पुढे नव्या पंचांना मी एकच गोष्ट सांगत आलो. शिट्टी तोंडात धरण्याआधी मनात तीन उत्तरे तयार ठेवा. ताबा कधी मिळाला, पिव्हट कोणता आणि तो केव्हा हलला? यांपैकी एकाचेही उत्तर नसेल तर शिट्टी वाजवू नका. दिसायला विचित्र म्हणजे चूक नव्हे. नेस्मिथ यांनी हा नियम केला तो खेळाडूचे अंग जपण्यासाठी, त्याचे कसब मारण्यासाठी नव्हे. त्या मुलीची बास्केट काही मला परत देता आली नाही. तिचा प्रश्न तेवढा पुढच्या पंचांच्या हाती देता आला.