रमा की उमा?

आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. नातीचं बारसं पुढच्या महिन्यात आहे. सूनबाईंना नाव हवंय रमा, आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या लेकीला, हवंय उमा. फरक काय तो एका अक्षराचा! चिरंजीव नेहमीप्रमाणे तटस्थ. शेवटी "आई, तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवलात, आता तुम्हीच निकाल द्या" असं म्हणून चेंडू माझ्याकडे आला. म्हणून हा प्रपंच.

शब्दकोश उघडला तर उत्तर दोन ओळींत संपतं. रमा म्हणजे लक्ष्मी, उमा म्हणजे पार्वती. दोन्ही देवीच, तेव्हा घ्या कुठलंही. पण ही नावं आपल्याकडच्या बायकांना मिळाली कशी, हे बघायला लागलं की प्रकरण एवढं सोपं राहत नाही.

रमाबाई म्हटलं की आमच्या पिढीला आधी आठवते थोरल्या माधवरावांची रमा. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले आणि ती सती गेली. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली आणि ही रमा घराघरांत पोचली. पण पुढे सवाई माधवरावांची पहिली बायकोसुद्धा रमाबाईच. माधव म्हणजे विष्णू, विष्णूची ती रमा. दोन माधवरावांच्या घरी दोन रमाबाई, याला मी तरी योगायोग म्हणणार नाही.

पुढचं उदाहरण तर अगदी स्वच्छ आहे. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची यमुना १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. आता गंमत बघा. न्यायमूर्तींचं नाव महादेव गोविंद. महादेवाची ती उमा, म्हणजे हिशेबाने यमुनेची उमाच व्हायची! पण लोक त्यांना माधवराव म्हणत. माधवरावांची म्हणून रमा. एका नावावरून दुसरं ठरलं, आणि यमुना कुठल्या कुठे गेली.

टिळकांचंही तेच. लोकमान्यांचं मूळ नाव केशव. तापीबाई लग्न होऊन आल्या आणि सत्यभामाबाई झाल्या. रेव्हरंड टिळक नारायण, म्हणून मनकर्णिका गोखल्यांची झाली लक्ष्मी. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या आपल्या लक्ष्मीबाई त्या याच. आनंदीबाई जोशीही माहेरची यमुनाच होती. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आली ती आनंदी, जन्मली ती यमुना.

वर्गात मी एवढं सांगितलं की एखादी तरी मुलगी हमखास विचारायची, "बाई, मग त्यांना कसं वाटलं असेल?" याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नसायचं. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. अकरा वर्षं जी हाक ऐकली की मागे वळून बघायची सवय होती, ती दुसऱ्या दिवसापासून बंद. तेव्हा तो सोहळाच होता, आणि कोणी वाईट हेतूने करत नव्हतं हेही खरं. रमाबाई रानड्यांनी तर पुढे त्या नावाचं सोनं केलं. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं, १९१० साली आठवणींचं पुस्तक लिहिलं. ते नाव त्यांना दिलेलं होतं, पण शेवटी त्यांचंच झालं.

तरी रमा या नावाला मी एकदम नाही म्हणू शकत नाही, आणि त्याला कारण आहे पंडिता रमाबाई. १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी जन्मली तेव्हाही रमा, आणि १९२२ साली वारली तेव्हाही रमा. मधे काय काय झालं! दुष्काळात आईवडील गेले, कलकत्त्याला पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिली, १८८० साली बंगाली वकिलाशी लग्न झालं, दोन वर्षांत वैधव्य आलं, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. देश, आडनाव, धर्म सगळं बदललं, पण वडिलांनी दिलेलं नाव टिकलं. मुलीचं नाव काय ठेवलं? मनोरमा. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाजाच्या सभांना पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे एकत्र बसत. एकच नाव, एकीला माहेरचं, एकीला सासरचं.

आणि रमाई आंबेडकर? भीमराव आणि रमा, यात देवांच्या जोडीचा काही संबंध नाही. ती १९३५ साली गेली. बाबासाहेबांनी १९४० चं पाकिस्तानवरचं आपलं पुस्तक तिला अर्पण केलं, आणि तिथे छापून नाव घातलं ते 'रामू', घरातल्या हाकेचं. इतक्या रमांत मला हीच हाक सगळ्यात आपलीशी वाटते.

आता उमा. इतिहासात उमाबाई कमी. पण जी आहे ती जबरदस्त. उमाबाई दाभाडे, तळेगावच्या. पती सेनापती खंडेराव १७२९ साली गेले, मुलगा त्र्यंबकराव १७३१ साली डभईला बाजीरावाशी लढताना पडला, आणि पुढे सेनापतीपदाचा सगळा कारभार या बाईने पाहिला. पेशव्यांशी उघड वैर धरायलाही त्या कचरल्या नाहीत.

पण उमेच्या बाजूने माझं खरं मत पडतं ते कालिदासामुळे. 'कुमारसंभवा'च्या पहिल्याच सर्गात या नावाची कथा आहे. पर्वताची लेक म्हणून घरचे तिला पार्वती म्हणत. ती तपाला निघाली तेव्हा आई मेना म्हणाली, "उ, मा!" म्हणजे, अगं, नको! त्यावरून ती उमा झाली. लग्नाच्या आधी, माहेरी, आईच्या तोंडून मिळालेलं नाव. तेही आईचं न ऐकल्याबद्दल! केनोपनिषदात तर गर्व झालेल्या इंद्राला ब्रह्म म्हणजे काय ते ही उमाच समजावून सांगते. तिथे शंकराचा उल्लेखही नाही. (सूनबाई म्हणतील, म्हणजे मुलगी ऐकणार नाही हे नावातच आलं. येऊ दे की!)

असो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, अशी रीत झाली आहे. म्हणजे हे नाव नातीच्या पुढच्या पिढीच्या कागदांवरही जाणार. ताटातल्या तांदळात ते पुसलं जायला नको, एवढंच मी लेकाला सांगितलं आहे. कौल माझा उमाला.

पण सूनबाईंचा रमाचा हट्ट आहे तो पणजीसाठी, माझ्या सासूबाईंसाठी. त्या रमाबाई होत्या, कारण मामंजी विष्णुपंत होते. पणजीचंच नाव द्यायचं तर तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं द्यायला हवं, नाही का? ते मला माहीत नाही. तीस वर्षं एका स्वयंपाकघरात वावरले, पण कधी विचारलं गेलं नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. त्यांचे भाऊ आता कोणी उरले नाहीत. वन्सं, तुम्ही हे वाचत असाल तर आठवून बघा, आणि कोकणातल्या मंडळींनाही विचारा. कुणाला सापडलं तर बारशाआधी मला फोन करा.