मागे पडणाऱ्याला हात

धर्मग्रामातील शाळेत सदैव वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणारा मुलगा अभियांत्रिकीसाठी सांगलीला किंवा पदवीसाठी साताऱ्याला जातो आणि पहिल्याच सत्रात दोन-तीन विषयांत नापास होतो. ही गोष्ट घरी कळविण्याचे धैर्य त्याला होत नाही. गुणपत्रिका दडविली जाते, पत्रे व फोन तुटक होत जातात आणि एखाद्या दिवशी शिक्षणच सुटते. अशा वेळी त्याने जावे कोणाकडे? प्रश्न आजचा असला, तरी सातारा-सांगलीच्या मातीत त्याचे एक उत्तर शतकापूर्वीच रुजले आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे झाला. त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले आणि त्यानंतर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी, ज्या वसतिगृहात ते राहत होते, तेथून त्यांना बाहेर पडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. तथापि त्यांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले म्हणजे काय होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. हजारो मुलांना पदवीपर्यंत नेणारा हा पुरुष स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता!

1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले, प्रसंगी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्यांचे निधन झाले. त्या पोरक्या मुलांच्या आईच होत्या.

जून 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. तेथे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणात उतरले. विद्यार्थी शेतात व बांधकामावर राबत आणि त्या श्रमावर शिकत. या योजनेचा एक गुण सहसा दुर्लक्षिला जातो. एकत्र राबणाऱ्या मुलांमध्ये कोणी एकटा पडत नाही. कोण उपाशी आहे, कोणाचे गणित अडले आहे, कोण रात्री रडतो, हे शेजारच्या अंथरुणावरील सोबत्याला आधी कळते. जो मागे पडतो त्याला शिकवणीइतकीच, किंबहुना तिच्याआधी, सोबतीची गरज असते.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही याची साक्ष आहे. 1786 साली फ्रान्समध्ये जन्मलेले संत जॉन मारी व्हियानी यांना लॅटिन भाषा काही केल्या येईना. लियॉनच्या गुरुविद्यालयाने त्यांना परत पाठविले. परंतु एकुली गावचे धर्मगुरू फादर बाले यांनी त्यांना आपल्या घरी शिकविले, परीक्षकांपुढे त्यांची बाजू मांडली आणि 1815 साली व्हियानी धर्मगुरू झाले. फादर बाले यांनी त्या दिवशी दार लावून घेतले असते, तर आर्सचा तो संत जगाला मिळाला असता काय?

आज साधने पुष्कळ आहेत. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळे निर्माण झाली. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावे चालते. अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे गट पालक-शिक्षकांकडे सोपविलेले असतात. मात्र अडलेल्याने तोंड उघडल्यावाचून ही दारे उघडत नाहीत. विषय कळत नसल्यास प्रथम त्या विषयाच्या प्राध्यापकांना सांगावे, मग पालक-शिक्षकांना. पैशाची अडचण असल्यास विद्यार्थी विकास विभागाकडे जावे. आणि वरच्या वर्गातील एखादा सोबती जोडावा. हे सारे परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, पहिल्या घटक चाचणीनंतरच करावे.

आणि आईवडिलांनी? नापास झालेले लेकरू घरी सांगायला धजत नसेल, तर त्याला भीती परीक्षेची नसून आपल्या मुद्रेची आहे, हे त्यांनी ओळखावे. ज्या धर्मग्रामातून मुले परगावी शिकायला जातात, तेथील जाणत्यांनी वर्षातून एकदा तरी त्यांच्या वसतिगृहापर्यंत जाऊन यावे. गुण विचारण्यापूर्वी ‘जेवतोस ना रे बाळा?’ एवढे विचारावे. लक्ष्मीबाईंनी साताऱ्यात याच प्रश्नापासून आरंभ केला होता.