‘रोड’ लागलेली स्टेशनं

साकोलीहून रेल्वेने कुठे निघायचं तर आधी सौंदड गाठायचं. गाव इथे, स्टेशन तिथे, ही या मुलखाची जुनी रीत. भंडारा जिल्ह्याचं ठिकाण, पण ‘भंडारा रोड’ स्टेशन वरठीला. ‘तुमसर रोड’ देव्हाडीला. नावापुढे ‘रोड’ दिसला की काळीपिवळीचे पैसे वेगळे काढून ठेवायचे.

रीत पडली 1880च्या दशकात, नागपूर-छत्तीसगड रेल्वेने. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने पुढे ती लाइन घेतली आणि ब्रॉडगेज केली. छत्तीसगडचं धान्य बाहेर काढणं हा मोठा हेतू. रूळ आखणारा इंजिनिअर चढ-उतार बघतो, नदीवर पूल कुठे बसेल ते बघतो. आठवडी बाजार कुठे भरतो, याच्याशी त्याला काय देणंघेणं?

गोंदियाचं नशीब मात्र उघडलं. मुख्य लाइनला नॅरोगेजचे फाटे येऊन मिळाले, जंक्शन झालं, धान गिरण्या आणि विडीचा धंदा स्टेशनाच्या आधाराने वाढला. 2011च्या जनगणनेत गोंदिया शहर सव्वा लाखाच्या वर, भंडारा लाखाच्या आत. यामागे आराखडा वगैरे कुणाचाच नव्हता.

ठरवून स्टेशनाजवळ गाव वसवलं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी, 1910 साली, कुंडल रोडपाशी. औंध संस्थानने माळरान दिलं, कारखान्यासोबत वसाहत उभी राहिली आणि पुढे स्टेशनानेच किर्लोस्करवाडी हे नाव घेतलं. असा उलटा मान क्वचितच मिळतो! नवी मुंबईत सिडकोने यातला पैशाचा हिशेब जमवला. जमीन आधीच हातात असल्याने भूखंड विकून रेल्वेचा 67 टक्के खर्च उचलता आला. 1992 साली वाशीला लोकल पोचली, आणि स्टेशनाच्या इमारतीतच कचेऱ्या थाटल्या गेल्या.

पीटर कॅलथॉर्प या अमेरिकी नगररचनाकाराने 1990च्या दशकात याच विचाराला ‘ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट’ म्हणून रूढ केलं. नागपूर मेट्रोच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरपर्यंत चारपर्यंत एफएसआय (भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम) मिळतो, तो याच धोरणातून.

सौंदडला हे जसंच्या तसं लावण्यात मला अर्थ दिसत नाही. धानाच्या बांध्यांच्या मुलखात पाच मजले चढवून राहणार कोण? साकोलीचा बाजार महामार्गावर बसलेला, तो उठून रुळांकडे जाणार नाही. इथे आधी गाडीच्या वेळेला जोडलेली एसटी हवी, आणि स्टेशनालगतची जागा भाव चढायच्या आत गोदामांसाठी, बसथांब्यासाठी राखून ठेवायला हवी. पण राखणार कोण? 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सौंदड तिकडे गेलं. साकोली भंडारा जिल्ह्यात राहिली, तिच्या नगरपरिषदेच्या आराखड्याची हद्द त्या स्टेशनापर्यंत जातच नाही.